ओळख : रघुवीर प्रभू

शिवाजी पार्क, दि. ६ जानेवारी २०२५

चि. कालिंदीस अ. आ.

बातमी अशी, की तुझा भाऊ चौऱ्याहत्तराव्या वर्षी वक्ता झाला. परळला गिरणीच्या जागेवर काचेची इमारत झालीय ना, तिथे १९ तारखेला प्रेरक व्याख्यानं आहेत. भोईवाड्याच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी दर्शना परब बोलणार आहे. तिने फोनला मालवणी गजाली समजायला शिकवलंय म्हणे. मला विषय दिलाय 'ओळख'. केवढा खोल शब्द. चौथीच्या पुस्तकातल्या कवितांपासून सुरू केलं ते आत्मज्ञानापर्यंत पोचलो, अठरा पानं झाली. सकाळच्या फिरायच्या मंडळींना बोलावून ठेवलंय. पत्रिका सोबत आहे.

लोभ आहेच, त्यातला थोडा टाळ्यांसाठी राखून ठेव.

रघुवीर

गिरगाव, दि. ११ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच कविता म्हणायला लागला असतास, म्हणून लिहिते. पत्रिका मी चष्मा लावून वाचली, तूही वाच. 'ओळख : रघुवीर प्रभू. व्याख्यान : दर्शना परब.' दादा, ओळख हा तुझा विषय नाही, तुझं काम आहे. पाहुणीची ओळख करून द्यायची, दोन मिनिटांत, आणि खाली बसायचं. आता आजारपणाचं सोंग आणू नकोस, ते तुला शाळेतही जमलं नाही. पोरीने आठवणीने बोलावलंय, जा. माझा गुडघा मला येऊ देत नाही.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

कालिंदी

शिवाजी पार्क, दि. २० जानेवारी

चि. कालिंदीस अ. आ.

फिरायच्या मंडळींच्या मते माझं भाषण उत्तम झालं, फक्त छोटं होतं. त्यांना खरं सांगू नकोस.

दोन दिवस तुझ्यावर रुसलो, मग गेलो. पानं घरीच ठेवली. उभा राहिलो आणि दर्शनाचे मार्क, बक्षिसं, काही आठवेना. आठवलं एवढंच, की ती मालवणी हेलात कविता म्हणायची, वर्ग हसायचा, आणि मी दरवेळी तिला थांबवून नीट बोल म्हणायचो. तेच सांगितलं. जो हेल मी पुसत होतो तो हिने यंत्रालाही शिकवला, हीच हिची ओळख, असं म्हणालो.

ती माईकपाशी आली आणि मालवणीत म्हणाली, की गुरुजींनी आता बसून घ्यावं, आज मध्ये थांबवायची परवानगी नाही. सभागृह हसलं. मी बसलो. आणि कालिंदी, त्या पोरीचं बोलणं मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

तुझा लोभ असाच तोंडावर बोलणारा राहो.

दादा