मामांचे सात पूल

आदरणीय मामा,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. म्हणजे मी खरोखरच खुर्चीतून उठले, वाकले आणि मग हे वाक्य लिहिलं. नुसतं लिहायचं आणि वाकायचं नाही हे मला बरं वाटत नाही. (समोर असले की मी 'अरे मामा' म्हणते, पण पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं असं शाळेत शिकवलंय आणि त्याला मार्क असायचे. तेव्हा पत्र संपेपर्यंत तुम्ही.)

तुमची कंबर कशी आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? फोनवर विचारलं की तुम्ही "सगळं बेस आहे!" असं ओरडून फोन ठेवून देता. कंबर दुखतेय हे मला आईकडून कळतं, आईला मामीकडून, आणि मामीला तुम्ही उठताना जो आवाज काढता त्यावरून. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, कारण ते शिंपीकाका त्यांच्या दुकानात बसून तुम्हाला वाचून दाखवणार, आणि शिंपीकाका एकदा वाचायला लागले की थांबत नाहीत.

(शिंपीकाका, तुम्हालाही नमस्कार. मागच्या पत्रात मी 'थोडा खोकला आहे' असं लिहिलं होतं. तुम्ही ते 'छातीत कफ भरलाय' असं वाचलंत. आई पिशवी भरून निघाली होती, तिला स्टँडवरून परत आणावं लागलं. तेव्हा लिहिलंय तेवढंच वाचा, एवढी विनंती. आणि कंसातलं वाचू नका, ते बहुतेक तुमच्यासाठीच असतं.)

मी मजेत आहे. झोप जरा कमी आहे, पण मजेत आहे. हे पत्र मी आधी खुर्चीत, मग खिडकीच्या कट्ट्यावर, मग जिन्यात बसून लिहिलं आणि आता फ्रीजवर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय. अक्षर मध्येच का बदललं असं वाटलं तर तेवढंच कारण आहे. जागा बदलली की मन थाऱ्यावर येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

आता नोकरीचं सांगते. आमचं ऑफिस काय काम करतं हे मी तुम्हाला तीनदा सांगितलंय आणि तुम्ही तीनदा "म्हणजे रंगारी" म्हणालात. रंगारीच, पण थोडं जास्त. जिथे लोकांना ताटकळत बसावं लागतं, दवाखाने, बँका, स्टँड, तिथल्या भिंतींवर चित्रं काढायची आणि मागे हलकं गाणं लावायचं, म्हणजे ताटकळणं सुसह्य होतं. यावेळी आम्हाला इथल्या मोठ्या बसस्थानकाचं नवं प्रतीक्षागृह मिळालं. विषय ठरला: दूरचे रस्ते, दूरची शहरं. चित्रंही त्याच विषयावर आणि गाणीही. आमच्या मालकीणबाईंनी दोन्ही माझ्यावर सोपवलं. (का सोपवलं, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच चुका सांगायला येतेस, म्हणून." ही स्तुती आहे की नाही ते मला अजून कळलेलं नाही.)

शहरांची चित्रं म्हणून पेंटरनं जे नमुने आणले त्यात सगळी शहरं एकच होती. काचेचे मनोरे, मागे सूर्य, पुढे एक जोडपं. मालकीणबाई म्हणाल्या, "असलं प्रत्येक बँकेत आहे. दुसरं काही सांग. नोकरीला आलीस तेव्हा म्हणाली होतीस ना, तुझे मामा ट्रक चालवायचे, सगळी शहरं पाहिलीत त्यांनी?" मी म्हणाले होते. खरं तर त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याबद्दल सांगा," आणि मी पहिल्यांदा तुमच्याबद्दलच सांगितलं होतं.

मग मी डोळे मिटून पेंटरला तुमचं पुलांचं शहर सांगितलं. तुम्ही फेरीवरून आलात की हातपाय धुवायच्या आधी मला मांडीवर घेऊन सांगायचात ते. नदीवर सात पूल, त्यातला एक फक्त हातगाड्यांसाठी. मधोमध मनोरा, त्याला चार बाजूंना चार घड्याळं आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवणारी, कारण ती चार भावांनी बसवली आणि चौघांचं पटत नव्हतं. ती पायऱ्यांची गल्ली, जिथे एका घराचं छप्पर म्हणजे दुसऱ्या घराचं अंगण. आणि ते वाक्य, ज्याच्यामुळे मी शाळेत गेले: "पाटी वाचता आली नाही तर भलत्याच पुलावर उतरशील, मग मी शोधत बसू?" घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. मला भलत्या पुलावर उतरायचं नव्हतं. (मामा, मी दुसरीत असताना वर्गात रडले होते ते जोडाक्षरांमुळे नाही. पुलांच्या नावात जोडाक्षर असलं तर काय करायचं, या काळजीनं रडले होते.)

पेंटरनं चित्र काढलं, आणि असं काढलं की मी त्याच्यासमोर उभी राहून दोनदा जेवायची विसरले. पूर्ण भिंत. पहाटेचं धुकं, कारण तुम्ही नेहमी पहाटेच पोचायचात. पेंटरला सूर्य हवाच होता. मी म्हटलं, नाही, मामांच्या शहरात अजून उजाडलेलं नाही. खाली त्या शहराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. तीही माझीच सूचना. आता कुणी भलत्या पुलावर उतरायला नको.

मग गाणी. मामा, प्रवासाची गाणी निवडणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. मी शेकडो ऐकली आणि माझ्या लक्षात आलं की गाण्यातला माणूस कधी पोचतच नाही. निघतो, रस्ता येतो, वळण येतं, मागे कुणीतरी दारात उभं राहतं, मग पुन्हा रस्ता येतो, आणि तेवढ्यात गाणं संपतं. त्याला कुणी उतरवून घेत नाही. उद्घाटनाआधी प्रतीक्षागृह चाचणीसाठी उघडणार होतं, त्या पहिल्या दिवसासाठी मी त्यातली उत्तम निवडली, अगदी मन लावून. सकाळी लावली. दुपारपर्यंत नव्या नोकरीवर निघालेला एक जण तिकीट फाडून घरी गेला. एक आजी एवढ्या रडल्या की त्यांची बस सुटली, आणि मग बस सुटली म्हणून रडल्या. तिकीट खिडकीतल्या माणसानं खिडकी बंद करून बायकोला फोन लावला. ती पलीकडच्या गल्लीत राहते. स्थानकप्रमुख, जे एरवी चालतानासुद्धा फाइल वाचतात, पळत आले.

"बाई, हे बसस्थानक आहे की शोकसभा? माझ्या गाड्या रिकाम्या चालल्यात!"

मी माफी मागितली. मग पोचण्याची गाणी शोधली. अख्ख्या संग्रहात दोन सापडली. त्यातल्या एकात माणूस पोचतो, पण दाराला कुलूप असतं.

(शिंपीकाका, आता इथून पुढे कृपा करून हळू आवाजात वाचा. दुकानात दुसरं कुणी असेल तर त्याला माप द्यायला आतल्या बाजूला पाठवा. मशीनही चालू ठेवा, म्हणजे रस्त्यावर ऐकू जाणार नाही. शिवायला काही नसेल तर नुसतंच चालवा.)

त्याच संध्याकाळी पुलांच्या शहरातून येणारी बस लागली. मी मुद्दाम भिंतीपाशी उभी राहिले. वाटलं, ही माणसं आपलं गाव भिंतीवर बघून हरखतील. ती बघत राहिली. बराच वेळ. मग एका गृहस्थांनी विचारलं, "कुठलं हो हे?"

मी म्हटलं, "तुमचंच. खाली लिहिलंय."

"आमचं? पूल सात कुठले? दोन आहेत. त्यातल्या एकाचं काम चालू आहे."

"आणि मनोऱ्याला घड्याळं कुणी लावली?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "पाण्याची टाकी आहे ती."

मागून एक आजीबाई पुढे आल्या, चष्मा सारखा केला आणि पायऱ्यांच्या गल्लीकडे बघून म्हणाल्या, "जन्म गेला माझा तिथे. एवढ्या पायऱ्या असत्या तर मी केव्हाच गेले असते!" सगळे हसले. मग त्यांच्यातच वाद लागला. एक तरुण म्हणाला, जुन्या काळी असतील पूल. आजीबाई म्हणाल्या, "जुना काळ म्हणजे मीच, बाळा. नव्हते."

मी बसच्या ड्रायव्हरना गाठलं. म्हटलं, एका अनुभवी ट्रक ड्रायव्हरकडून ही माहिती मिळालीय. (तुमचं नातं सांगितलं नाही, मामा.) ते म्हणाले, "ट्रकवाल्यांना शहर कुठे दिसतं, ताई? दिवसा आत सोडत नाहीत. बाहेरच्या गोदामावर रात्री माल उतरवायचा आणि उजाडायच्या आत परत फिरायचं. शहर म्हणजे त्यांना लांबून दिसणारे दिवे."

ड्रायव्हर लोक काहीही बोलतात, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी गाणी संपली म्हणून, मी गावाहून निघताना तुम्ही दिलेल्या तुमच्या ट्रकमधल्या जुन्या कॅसेटी काढल्या. ऑफिसच्या जुन्या मशीनवर एकेक लावली. पहिल्या कॅसेटमध्ये एक बाई आपल्या माणसाला विचारते, सातव्या पुलावर भेटशील का. दुसरीत चार घड्याळांचा मनोरा आहे. पायऱ्यांची गल्ली तिसरीत, मागच्या बाजूला, जिथे टेप थोडी चावली गेलीय. चार भाऊ मात्र कुठल्याच गाण्यात नाहीत. ते तुमचे स्वतःचे असावेत. मला ते सगळ्यात आवडले.

मी अर्थातच मालकीणबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "कधीतरी एखादी गोष्ट स्वतःपाशी ठेवायला शीक." पण नाव खाली लिहिलंय म्हटल्यावर त्यांनाही उपाय नव्हता. स्थानकप्रमुख म्हणतात, भिंत पांढरी करा, उद्घाटन तोंडावर आलंय. पेंटरनं पांढरा रंग कालवला, आणि गेले कित्येक दिवस तो नुसताच ढवळतोय. मी म्हटलं, नाव पुसा आणि शहर ठेवा. स्थानकप्रमुख म्हणाले, "नाव नसलेल्या शहराला माझी गाडी जात नाही." शेवटी मालकीणबाईंनी तोडगा काढला: या गुरुवारी मी स्वतः त्या शहरात जायचं, खरं काय आहे ते बघायचं, आणि परत येऊन सांगायचं, की भिंत पांढरी करायची, सुधारायची की ठेवायची. मी सांगीन तसं होईल. काम माझं, चूक माझी आणि बोलही मलाच.

मामा, गावाहून इथे आले ती तुमच्या ट्रकमधून, तुमच्या शेजारी बसून. एकटीनं मी कुठेच गेलेली नाही. लोकांना दूर जायला उत्सुक करण्याचा पगार मी घेते, आणि माझी पिशवी भरते, रिकामी करते, पुन्हा भरते. आज सकाळी टूथब्रश काढून ठेवला, दुपारी परत टाकला. चार घड्याळं माझ्याच डोक्यात बसवल्यासारखी झाली आहेत, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. जाऊन बघितलं की तुमचं शहर संपलं, असं एक म्हणतं. न बघता भिंतीवर खोटं नाव ठेवून झोपशील कशी, असं दुसरं विचारतं. बाकीची दोन नुसतीच टिकटिकतात.

असो. तुम्ही काळजी करू नका. कंबरेला शेक घ्या. मामीला जिना उतरू देऊ नका. आईला यातलं काही सांगू नका, फक्त मी व्यवस्थित जेवते एवढं सांगा. ते खरं आहे, चित्रासमोरच्या त्या दोन वेळांचा अपवाद सोडला तर.

तुमची आज्ञाधारक,
भाची

ता. क. शिंपीकाका, आता मशीन थांबवलंत तरी चालेल. आणि तुम्हाला जे कळलं ते तुमच्यापाशीच राहू द्या. गावातल्या सगळ्या पोरांनी ते सात पूल ऐकलेत आणि त्यातली निम्मी त्यामुळेच शाळेत टिकली. तुमची धाकटीसुद्धा.

ता. क. दुसरा. मामा, विनंती अशी की बुधवारी संध्याकाळी इकडे या. कंबरेचं कारण सांगू नका. मी बसच्या मधल्या रांगेतल्या जागा घेतल्यात, जिथे धक्के कमी बसतात, आणि पाठीला उशी. तिकिटं मी आधीच काढली, दोन. परत करता येत नाहीत, हे मी खिडकीवरच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय. खिडकीची जागा तुमची. यावेळी गाडी दुसराच कुणी चालवणार आहे, तेव्हा तुम्हाला बाहेर बघायला वेळ मिळेल. ती दिवसाच आत शिरते.

ता. क. तिसरा. (हे मात्र मोठ्यानं वाचा, शिंपीकाका.) ये रे मामा. पूल दोनच असले तर दोनच. त्यातल्या एकाचं काम चालू असलं तर उरला एक. त्याच्यावरून आपण सात वेळा जाऊ. पाट्या मी वाचते.