बिनलेसचे बूट

१४ तारीख, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. शाळेत शिकवलेला पुढचा मायना विसरलो, तेवढा मनातल्या मनात वाच. मी दादाच्या क्वार्टरवर आहे, खुशाल आहे. तुरुंगाच्या भिंतीला खेटून एक न्हावी बसतो, सुटून आलेल्याचे पहिले केस फुकट कापतो. मला म्हणाला, "तू कधी सुटलास?" म्हणजे माझा अवतार बघ! असो.

दादाचं काहीतरी बिनसलंय. तुरुंगात पहाऱ्याला शिपाई कमी, म्हणून हा दोन-दोन पाळ्या सलग करतो आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसतो. परवा चिमी शाळेतून आली तर तिला म्हणाला, "हात वर." खिसे चाचपले स्वतःच्या पोरीचे. तिला खेळ वाटला. वहिनीला नाही वाटला.

वहिनीने मला ओट्यापाशी गाठलं. "भावजी, घरातल्या दोऱ्या गायब होतायत. आधी कपडे वाळत घालायची, मग पडद्याची, आता यांच्याच बुटांच्या लेस. आत कुणाला नेऊन विकत तर नाहीत?"

आत दोरीलाही भाव असतो म्हणे. मी पाळत ठेवली. त्याला लगेच वास लागला. "तुला साहेबांनी पाठवलंय ना?" मला! मला दूध आणायलाही कुणी पाठवत नाही.

काल तो कामावर निघाला, मी मागोमाग. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत त्याने एक पुडकं टाकलं. मी उकरून काढलं. दोऱ्या, लेस, त्याचा पट्टा. विकत नव्हता गं, फेकत होता.

संध्याकाळी पुडकं त्याच्यापुढे ठेवलं. "सापडलास. बोल."

चिडला नाही. "नवा कैदी फारच गप्प असला, की आम्ही हे सगळं काढून घेतो. त्याचा जीव सांभाळायला."

"इथे कोण आहे नवा?"

त्याने आपल्या बिनलेसच्या बुटांकडे बोट दाखवलं. ताई, पुढचं लिहायला हात धजत नाही. तू समजून घे.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"म्हणजे सगळीकडे बोभाटा. किल्ल्या काढून घेतील, कामावरची पोरं हसतील, म्हणतील हा कामातून गेला."

"अशा माणसाला तुम्ही एकटं ठेवता?"

"छे. दाराशी कुणीतरी बसतंच."

मग बसलो मी. दुसरं काय येतं मला?

आज सकाळी त्याने वहिनीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती रडली नाही, आधी चप्पल घातली. आता आम्ही दवाखान्यात आहोत. ती दोघं आत, मी बाहेर बाकावर. दादाने मघाशी दार किलकिलं करून बघितलं, मी आहे की सटकलो ते. संशयच आहे त्याला, घेऊ दे. पुन्हा बघेल तेव्हाही दिसेन.

रजा काढून ये. आईला फक्त "भेटायला जातेय" म्हण.

बाकावरून न हललेला,
तुझा भटक्या