साहेबाला विमानात घेतलं नाही

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. भावजींची पाठ आता कशी आहे? चिमणीची परीक्षा संपली असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून तसं लिहून गेलो. खोडत नाही, पण ते पूर्ण खरं नाही, एवढं धरून पुढे वाच.

साहेब का आला नाही, हे मी तुला फोनवर ‘कागदपत्रांत अडकलं, पुढची तारीख मिळेल’ असं सांगून उडवलं होतं. ते खोटं होतं. फोन आईच्या खोलीत असतो, आणि तुझा आवाज आला की ती स्पीकर लावते. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, नंतरही सुचलं नाही. चिमणीने म्हणे त्याच्यासाठी पाटी रंगवली होती. तिला सांग, मामा शरमिंदा आहे. कुत्रा सुखरूप आहे, आत्ता माझ्या पायाशी बसून माझीच चप्पल चावतो आहे.

तयारीत मी कसूर केली नव्हती. तुला माझा स्वभाव माहीत आहे. बाबांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या केंद्रात हलवायचं, तिथे कुत्रा चालत नाही, म्हणून त्याआधी साहेबाला विमानाने तुझ्याकडे पोचवायचं, एवढंच माझ्याकडे काम होतं, आणि ते मी परीक्षेचा अभ्यास करावा तसं केलं. पिंजरा असा निवडला की त्याला आत ताठ उभं राहता यावं आणि वळता यावं. तो महिनाभर आधीच दिवाणखान्यात आणून दार काढून ठेवला, त्यातच त्याला जेवण वाढलं, म्हणजे ती जागा त्याची होईल. झाली. नंतर नंतर तो दुपारी आपणहून आत जाऊन घोरायला लागला. आई म्हणाली, “बघ, साहेबांना केबिन मिळाली.” पाण्याचं भांडं बर्फ करून लावलं, म्हणजे चढवताना सांडणार नाही आणि पुढे हळूहळू वितळेल. खाली बाबांचा न धुतलेला सदरा अंथरला. निघायच्या आधी काही तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हे आईला दोनदा बजावलं.

विमानतळाच्या मालवाहू विभागात एक डॉक्टरीणबाई असतात, त्या प्रत्येक जनावराला तपासून मगच पुढे सोडतात. त्यांनी साहेबाला टेबलावर उभं केलं आणि त्याचे मागचे पाय फाकत गेले.

“याला काय दिलंय?”

मी म्हटलं, “काही नाही. सकाळपासून उपाशी आहे.”

त्यांनी त्याची पापणी वर केली, हिरडी अंगठ्याने दाबून पाहिली. “याच्या पोटात गुंगीचं काहीतरी आहे. याला मी चढवणार नाही.”

मी मूर्खासारखं म्हणालो, “मग बरंच की, झोपून जाईल.”

“झोपून नाही जाणार. गुंगीत रक्तदाब खाली येतो. वर गेल्यावर आणखी त्रास होतो. विमान कललं की याला तोल सावरता येणार नाही, मान वाकडी पडली तर तशीच राहील, श्वास अडकेल. आणि तिथे बघायला कोणी नसतं. घाबरलेलं जनावर मी पाठवते. गुंगीतलं नाही पाठवत.”

आईने दुधातून त्याला गोळी दिली होती, ताई. चांगल्याच हेतूने. पिंजऱ्यात जीव घाबरेल म्हणून. तिच्यावर रागावू नकोस.

साहेब संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आला, रात्री त्याने पोटभर खाल्लं. तेव्हा काळजी नको. चिमणीला सांग की

१९ फेब्रुवारी

काल तिथेच थांबलो. चिमणीला काय सांगायचं ते सुचेना, आणि खरं म्हणजे चिमणीचा प्रश्नच नव्हता. रात्री रोजनिशी उघडून बसलो, तिथेही तारखेच्या पुढे काही उमटलं नाही. आज सुट्टी टाकली आहे. तुला सगळं लिहितो.

आई माझ्याबरोबर विमानतळावर आली होती. साहेबाला शेवटचं बघायचं म्हणून. मी तिला म्हटलं होतं, बाबांना एकटं कसं सोडायचं? ती म्हणाली, “हे दुपारशिवाय उठत नाहीत. शेजारच्या काकू नुसत्या बसून राहतील.” मला त्यात काहीच खटकलं नाही. अजून मी त्या वाक्यापाशी अडतो.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई मागच्या बाकावरून म्हणाली, “मी दिली. अर्धीच दिली. दुधात कुस्करून.”

“कसली गोळी?”

“झोपेची. अर्धीने काही होत नाही हो. ह्यांना आधी रात्री एक पुरायची, आता सकाळच्या दुधातही एक द्यावी लागते.”

भाजीत मीठ किती घालते ते सांगावं, तसं ती सांगत होती.

बाई थांबल्या. “ह्यांना म्हणजे?”

“याच्या वडिलांना.”

त्या आईकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांना कळायचं होतं की मला हे माहीत होतं का. ताई, मला माहीत नव्हतं. पण मी ते त्यांना सांगितलं नाही. हातात साहेबाचा पट्टा होता, तो मी मनगटाला गुंडाळतच राहिलो. टेबलावर साहेब उभा होता, मान खाली, तोंडातून लाळेची तार, डोळे उघडे पण आत कोणी नाही. हे डोळे मी रोज बघत होतो. खुर्चीत, खिडकीपाशी. मी त्यांना आजार म्हणत होतो.

गाडीत आई मागे बसली, साहेबाचं डोकं मांडीवर घेऊन.

मग तीच म्हणाली, “एवढं काय झालं? मेला तर नाही ना तो.”

“बाबांना कधीपासून देतेस?”

“ते दार उघडून रस्त्यावर जायला लागले तेव्हापासून. एकदा तर भर चौकात गाड्यांना हात दाखवत उभे होते. तुला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस. गोळ्या कुणी दिल्या?”

“मला लिहून दिल्या होत्या डॉक्टरांनी, झोप लागत नाही म्हणून. मला कशाला हव्यात? हे झोपले की मला लागतेच झोप.”

मी आरसा तिच्याकडे वळवला. ती म्हणाली, “चोर पकडल्यासारखा आरशातून बघू नकोस माझ्याकडे. तू कामावर जातोस. ताई तिकडे. मला हे ‘बाई, तुम्ही कोण, माझ्या घरातून चालत्या व्हा’ म्हणतात, तेव्हा घरात मी एकटी असते.”

त्यावर तू काय म्हणाली असतीस?

मी दुसऱ्याच दिवशी बाबांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून ठेवला, आणि मग म्हणाले, आजार आहेच, तो कुठे जात नाही. पण तोल जाणं, जीभ जड होणं, दिवसभर पेंगणं, माणसं न ओळखणं, यात आजार किती आणि गोळी किती, हे गोळी उतरल्याशिवाय सांगता येणार नाही. एकदम थांबवायची नाही, हळूहळू कमी करायची. तेच चाललं आहे. गोळ्या आता माझ्या कपाटात असतात. आईने चावी मागितलेली नाही.

आता तुझ्या-माझ्यातलं. केंद्रातल्या बाई बाबांना बघायला आल्या होत्या तो दिवस आठव. तू फोनवर होतीस. सकाळची वेळ होती, म्हणजे गोळीचं दूध पिऊन झालेलं. त्यांनी बाबांना विचारलं, मुलीचं नाव काय? बाबांनी डोळे किलकिले केले आणि मान छातीवर टाकली. तू रडलीस. मग तू म्हणालीस, “हलवू या त्यांना. आता ते तिथे नाहीतच.” आणि मला हायसं वाटलं, कारण ते वाक्य मला बोलावं लागलं नाही. आपण दोघांनी होकार दिला तो औषध घेतलेल्या माणसाकडे बघून दिला. यात तुझा काही दोष नाही. माझा किती, ते मी रोज ठरवायला बसतो. मी गावभराच्या नळांच्या पाण्याचे नमुने तपासतो. त्यात जरा वेगळं काही दिसलं तर तीन खात्यांना कळवतो. घर शांत झालं तेव्हा मला ते आवडलं, आणि ज्याला जे आवडतं ते तो तपासत नाही. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

बाबा आता दिवसाचे बरेच तास जागे असतात. तू लगेच आनंदी होऊ नकोस. जागे म्हणजे सगळंच परत आलं. दार वाजवतात. माझ्यावर ओरडतात. परवा आईचा हात झटकला. पण साहेबाला ओळखतात, त्याला बिस्किट देताना “आधी अर्ज कर” म्हणतात. आठवतं, नाव ठेवताना म्हणाले होते, जन्मभर साहेबांच्या मागे फिरलो, आता एक साहेब माझ्या मागे फिरू दे? मी हिंमत करून त्यांना केंद्रातल्या बाईंचा तो प्रश्न विचारला. मुलगी कुठली तुमची? खूप वेळ गेला. मग म्हणाले, “ती रडकी ना? ती लांब दिली.” नाव नाही आलं. पण ती तूच आहेस.

आणि रविवारी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, “मी मध्यंतरी कुठे गेलो होतो?”

आई भांडी पुसत होती. तिने ताट खाली ठेवलं, आत गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता.

मी केंद्राला कळवलं आहे की ही जागा दुसऱ्या कुणाला द्या. तुला न विचारता कळवलं. पुढे कधी तरी बाबांना तिथे न्यावं लागेल, डॉक्टर तसं म्हणतात, मीही नाकारत नाही. पण नेऊ तेव्हा ते जागे असताना नेऊ, भांडत नेऊ. त्यामुळे साहेबही आता यायचा नाही. चिमणीला खरं कारण सांगायचं की नाही, ते तू ठरव. दिवसभरासाठी एक नर्सबाई ठरवल्या आहेत, रात्री मी असतो. तू मात्र ये. बाबांसाठी म्हणत नाही मी. मी आईशी बोलायला जातो आणि माझा आवाज चौकशी करणाऱ्यासारखा होतो. तिला ते ऐकू येतं. तिच्याजवळ माझ्याशिवाय कोणीतरी बसायला हवं.

इथे पत्र संपवणार होतो. मग वाटलं, हे तिच्या पाठीमागे पाठवणं म्हणजे पुन्हा दुधात काहीतरी कालवण्यासारखंच झालं. म्हणून तिला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये कुठे अडवलं नाही. शेवटी म्हणाली, “‘तिच्यावर रागावू नकोस’ हे वाक्य काढ. येऊ दे तिला राग.”

मी काढलं नाही. दोन्ही राहू दे म्हटलं, ते वाक्यही आणि तुझं हे म्हणणंही.

मग तिने एक गोष्ट लिहायला सांगितली, तिच्याच शब्दांत लिहितो: “तिला सांग, पहिल्या दिवशी गोळी दिली तेव्हा मी रात्रभर ह्यांच्या नाकाशी बोट धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी नाही बसले. दुसऱ्या दिवशी मी झोपले.”

हे लिहिताना ती इथेच बसली आहे. मी तिला काही म्हणू शकलो नाही. तू म्हण.

तुझी वाट बघणारा,
आईशेजारी बसलेला,
तुझा भाऊ