अर्धी तोडलेली हळद पुरी करण्यासाठी

प्रति,
मा. महोत्सव अधिकारी,
जलोत्सव कक्ष (पर्यटन, क्रीडा, कला व संस्कृती),
विभागीय कार्यालय.

अर्जदार : सौ. अनिता बारकू वेखंडे, अंगणवाडी सेविका,
मु. आंबेखोर, पो. खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय : जलोत्सवाच्या मंचावर दि. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्येच तोडलेला धवला पुरा होण्यासाठी आपण स्वतः पाऊण तास हजर राहण्याबाबत.

संदर्भ : १) आपण आमच्या ओट्यावर बसून दिलेला तोंडी शब्द, दि. १५ जानेवारी.
२) माझे अर्ज दि. १७ फेब्रुवारी व १० मार्च.
३) आपल्या कक्षाची उत्तरे दि. ३ मार्च व २८ मार्च.
४) आपल्या कक्षाचा पूर्तता अहवाल.

महोदय, आणि आमच्या रीतीप्रमाणे यजमान,

वरील विषयी सविनय अर्ज करते की, हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन मी अंगणवाडीच्या अहवालासारखे कोरडे लिहिले होते. त्यांना उत्तरेही कोरडीच आली. म्हणून हा अर्ज जसे घडले तसा लिहीत आहे. लांबल्यास क्षमा असावी. धवलाही लांबच असतो.

१. आमच्याकडे हळदीला जे गाणे म्हणतात त्याला धवला म्हणतात व ते म्हणणारीला धवलारीण. आमच्या पाच पाड्यांची धवलारीण म्हणजे गोजाबाई हरड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, नात्याने माझ्या मावससासूबाई. धवल्यात एकवीस देवांना नावाने हाक मारून मांडवात बोलवायचे असते. एकेक देव येतो तशी नवरीची हळद पायांकडून वर चढते. पावले, गुडघे, कंबर, खांदे आणि शेवटच्या देवाला कपाळ. मग सगळ्या देवांना निरोप द्यायचा, तेव्हा हळद पुरी. ज्याने विड्याची सुपारी दिली तो यजमान. निरोपाच्या वेळी त्याने नारळ घेऊन उभे राहायचे. एकदा उचललेला धवला मध्ये सोडत नाहीत. म्हणणारी मध्येच आजारी पडली तरी दुसरीने सूर धरायचा, अशी रीत आहे.

२. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपण आमच्या घरी आलात. तिळगूळ घेतलात, तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खाल्लीत, "घरची आठवण झाली" म्हणालात. गोजाबाईंचे धवले पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ध्वनिमुद्रित होतील, महोत्सवानंतर कलादालन होईल, तिथे पाड्यांतल्या मुली येऊन ते शिकतील, असे आपण सांगितलेत. माझे डोळे भरून आले होते, हे आपणही पाहिले असेल. गोजाबाईंना मूल नाही. त्यांच्यामागे हे गाणे कोण म्हणेल, ही चिंता मी वीस वर्षे पदराला बांधून फिरत आहे.

गोजाबाई मात्र तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सरकारच्या पुढ्यात धवला? हलद कुनाची हाय, सरकारची?" आपण हसून सांगितलेत की, मंचावर एक मुलगी नवरी म्हणून बसवू. त्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. "खोट्या नवरीवर धवला गात नाय. देव काय नाटक बघाया येतात?"

३. इथे चूक माझी झाली. ती मी लेखी कबूल करते. माझी मुलगी श्वेता हिचे लग्न धसईच्या मुकेशशी ठरलेले होते, हळद ८ फेब्रुवारी व लग्न ९ फेब्रुवारी. महोत्सवही ८ तारखेलाच. मीच बोलून गेले, "मग खरीच नवरी नेऊ या, माझी." आपण लगेच गोजाबाईंना म्हणालात, "मावशी, मध्ये कोणी हात लावणार नाही. गाणे शेवटपर्यंत होईल. माझा शब्द." त्या शब्दावर गोजाबाईंनी आपल्या संमतीपत्रावर अंगठा दिला. त्यांनी आयुष्यात कागदावर दिलेला तो दुसरा अंगठा. पहिला रेशनकार्डावर.

४. दि. ८ रोजी सकाळी दहा वाजता, भातसानगरच्या अलीकडे पाण्याच्या काठी उभारलेल्या मंचावर, आपण आपल्या हाताने गोजाबाईंना विडा-सुपारी दिलीत. म्हणजे यजमान आपण झालात. त्यांनी सूर लावला. शीवेवरचा वाघदेव आला, कणगीतली कणसरी आली, डोंगरावरचा हिरवा देव आला. श्वेताची हळद कंबरेवर आली, खांद्यावर आली. तेराव्या हाकेला गोजाबाईंनी तोंड पाण्याकडे केले. धरणात बुडालेल्या जुन्या गावाची गावदेवी तिथे आहे. ती पाण्याखाली राहिली, म्हणून तिला हाक तीनदा मारावी लागते :

पानी सार गो माउली, वर ये वर ये,
तुझ्या गावच्या लेकीची हलद बघाया ये.

ही हाक दोनदा झाली. तिसऱ्या हाकेच्या आत नौकास्पर्धेची शिट्टी झाली, प्रमुख पाहुणे आले, आणि माईक बंद केला गेला. निवेदिका बाई "जोरदार टाळ्या" म्हणाल्या. भोंग्यातून दुसरेच गाणे सुरू झाले. गोजाबाईंचे ओठ मात्र हलत होते. त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवण्यात आले. खाली आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "अनिते, ती अर्धी वर आली. आता?"

मी आपल्याकडे पाहिले. आपण पाहुण्यांना पुष्पगुच्छ देत होता.

५. त्या दिवसापासून श्वेताची हळद खांद्यावर थांबलेली आहे. अर्धा धवला बंद झाल्याशिवाय दुसरा उचलता येत नाही, आणि तो जिथे उचलला तिथेच, त्याच यजमानासमोर बंद करावा लागतो. ९ तारखेला धसईहून वऱ्हाड आले. मुकेशची आई बाईजा हिने सगळे ऐकून घेतले, माझ्या हातचे पाणी प्यायली आणि वऱ्हाड परत नेले. एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. आमचा मांडव अजून उभा आहे. त्यावरचे आंब्याचे टहाळे वाळून खडखडतात. माझे यजमान बारकू रोज सकाळी त्याखाली झाडतात, काढत नाहीत.

श्वेता शहापूरला दवाखान्यात नोकरी करते. ती कामावर जाते, हसते, मला चिडवते, "आई, खांद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईनं फॉर्मवर काय लिहायचं गो?" मुकेशने नोंदणी लग्नाचे सुचवले होते. त्याचे चुकले नाही, पोरगा थांबून थांबून दमला आहे. पण श्वेता त्याला म्हणाली, "नोंदणी कधीपन होईल. जिला माझ्यासाठी पान्यातून बोलावली, तिला काठाला ओलीच उभी ठेवून मी नांदायला येऊ?" माझी लेक आरशासमोर कपाळाला हात लावते, आणि मी दारात असले की केस सारखे केल्यासारखे करते.

६. माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आले की, सदर देवता कक्षाच्या निमंत्रितांच्या यादीत नसल्याने त्यांच्या परतीची जबाबदारी कक्षावर येत नाही. दुसऱ्या उत्तरात, वधूची हळद अपूर्ण असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा, असे कळवले. मी तलाठी भाऊसाहेबांकडे गेले. ते आधी हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. "अनिताताई, हयातीचा देतो, उत्पन्नाचा देतो, रहिवासाचा देतो. अर्ध्या हलदीचा कुठल्या रजिस्टरात लिहू?" त्याच उत्तरात, मंचावर प्रवेशासाठी येणाऱ्यांची संख्या व ओळखपत्रे मागितली होती. आम्ही सात जण आहोत. मंचावर अडकलेल्या तेरा देवांची ओळखपत्रे माझ्याकडे नाहीत.

मंचाच्या आवाराला आता कुलूप आहे. तिथला राखणदार भगीरथ आमच्याच पाड्याचा. तो म्हणाला, "काकी, चावी माझ्या कमरेला हाय, हुकूम नाय. पन तू बोल, उघडतो." गोजाबाईंनी ऐकले नाही. "देवांना चोरून वाट लावत नसतात. बोलावनारा कुठं हाय?"

७. हे सर्व सोसले असते. पण मार्चअखेर आपल्या कक्षाचा पूर्तता अहवाल माझ्या हाती आला. त्यात लिहिले आहे : "पारंपरिक विवाहगीत सादरीकरण : पूर्ण. वधू-वर : प्रातिनिधिक." महोदय, माझी मुलगी प्रातिनिधिक नाही. ती मी दोन दिवस कळा सोसून जन्माला घातलेली आहे.

आणि गुढीपाडव्याला खर्डी फाट्यावर आपल्या कक्षाचा मोठा फलक लागला. "या, आमच्या संस्कृतीत सामील व्हा." त्यावर श्वेताचा फोटो आहे. मुंडावळ्या, खाली घातलेली मान. आणि कपाळावर हळद आहे. पिवळीधमक, भुवयांपर्यंत. ती कोणत्या बाईने लावली, कोणत्या धवल्यावर चढली, कोणता देव तिला साक्षी होता? संगणकावर कोणीतरी लावली. आम्ही अडीच महिने ज्या कपाळासाठी दारोदार फिरतो, ते आपल्या कार्यालयात बसल्या जागी रंगवून झाले. बाईजा बसमधून उतरली ती फलकाखालीच. मला फोन करून म्हणाली, "विहीण, बोर्डावरची सून पुरी झाली. माझी कधी व्हायची?"

त्या दिवशी मला कळले की आपण विसरला नव्हता. विसरला असता तर फोटो होता तसा लागला असता. कपाळ कोरे आहे हे कोणीतरी पाहिले, आणि ते झाकले.

८. सबब, नम्र विनंती अशी की, लग्नाची नवी तारीख ११ मे धरलेली आहे. शनिवार, दि. १० मे रोजी सकाळी नऊ वाजता आपण मंचाजवळ यावे. माईक नको, खुर्च्या नकोत, निवेदिका नको. नारळ आम्ही आणू. आपण तो फक्त हातात धरून उभे राहावे. गोजाबाई उरलेली हाक मारतील, राहिलेल्या आठ देवांना बोलावतील, श्वेताच्या कपाळाला हळद लागेल, आणि मग निरोप :

आल्या वाटंनं जावा देवा, फुलं घिऊन जावा,
लेकीचा मांडव पाठी हिरवा ऱ्हावा.

एवढेच. पुढे आमचे आम्ही बघू. कलादालन झाले नाही तरी चालेल. मीच रोज संध्याकाळी गोजाबाईंकडे बसून ओळी पाठ करू लागले आहे. माझा आवाज चांगला नाही. त्या म्हणतात, देवांना चालतो.

९. आपणास येणे जमलेच नाही, तर निदान अहवालातला "पूर्ण" हा शब्द आपल्या हाताने खोडावा, त्याखाली सही करावी व ते पान आम्हाला पाठवावे. हे मी गोजाबाईंना विचारूनच लिहीत आहे. रीतीत असे आहे का, म्हणून मी विचारले. त्यांनी आधी पाण्याकडे तोंड केले. मग म्हणाल्या, "रीतीत नाय. पन ज्यानं बोलावलं त्यानं खोटं खोडलं, तर देव समजून घेतील. खोट्यावर त्यांना पाय ठिवता येत नाय, म्हून थांबलेत."

कळावे. दि. १० मेपर्यंत रोज सकाळी एसटीच्या थांब्यावर पोस्टमनची वाट पाहीन.

आपल्या शब्दावर विसंबलेली,

(सही)
सौ. अनिता बारकू वेखंडे
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) पूर्तता अहवालाच्या पान चारची प्रत.
२) खर्डी फाट्यावरील फलकाचे छायाचित्र.
३) श्वेताचे छायाचित्र, दि. ८ फेब्रुवारी, मंचावरून उतरल्यानंतरचे. कपाळ पाहावे.
४) आपण दिलेली सुपारी जोडलेली नाही. ती गोजाबाईंच्या कनवटीला आहे. धवला पुरा झाल्यावर त्या आपल्या हातात परत देतील.

टीप : या अर्जावर गोजाबाईंचा अंगठा घेतलेला नाही. मी शाईची डबी पुढे केली, तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, "एक अंगठा त्याच्याकडं हाय. आधी त्याचं काय केलं ते सांगू दे."