दुपारचा माणूस

३ डिसेंबर १९९०, रेमान्सो

पोचले एकदाची. शिलाई मशीन लाकडी पेटीत, पेटी आनिबालच्या मित्राच्या ट्रकवर आणि पेटीला मिठी मारून मी. रोसारिओपासून सगळ्या रस्त्याची धूळ केसांत बसली आहे. बेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं म्हणून बहीण म्हणाली होती, "एर्मिनिया, आता कशाला गं? जेवायला दोन ताटं लागतात म्हणून?" तिला आज हे घर दाखवायला हवं होतं. पुढे लहानसा ओटा, मागे अंजिराचं झाड, त्याच्या पलीकडे कुंपणाची उंच भिंत आणि भिंतीपलीकडे पाराना नदी, चहाच्या रंगाची.

आनिबालनं भिंती स्वतः रंगवल्या आहेत. एका खोलीचा रंग फसला आहे, हे त्यानं मला आधीच सांगून टाकलं, म्हणजे मी नंतर बोलू नये. मी तरीही बोलले. तो हसत होता. हा माणूस हसताना तोंडावर हात धरतो, जणू हसणं कुणाचं तरी उसनं आणलं आहे.

९ डिसेंबर

इथली दुपार मला नवी आहे. जेवणं झाली की गाव मरतं. दुकानं बंद, झडपा बंद, कुत्रीसुद्धा ट्रकखाली आडवी. डिसेंबरचा भर उन्हाळा, चार वाजेपर्यंत रस्त्यावर नुसतं ऊन. आनिबाल मात्र झोपत नाही. धक्क्यावरच्या शेडमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करत बसतो. देलिया गेल्यापासून त्याची दुपारची झोप गेली.

देलिया म्हणजे त्याची पहिली बायको. लग्नाआधीच त्यानं मला सगळं सांगितलं होतं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी, लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत, या गावात पाच बायकांचा खून झाला. सगळ्यांचा दुपारी, स्वतःच्याच घरात, तोंडावर उशी दाबून. मग तो माणूस झडपा लावून घ्यायचा, बाईच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढायचा, तिचे बूट काढून पलंगाखाली जोडीनं ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, झोपली आहे. पाचवी देलिया. तिच्यानंतर तो थांबला. सापडला नाही. गाव त्याला 'दुपारचा माणूस' म्हणतं.

शिवणाची कामं यायला लागली. समोरच्या घरातले ओलेगारिओ मास्तर विजारीची खालची दुमड सोडवून घ्यायला आले. निवृत्त शिक्षक, एकटेच राहतात. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरओळख करून दिली आहे. फार हळू आवाजात बोलतात. जाताना मला म्हणाले, "पोरी, तू आल्यापासून त्या घरात दिवा लागल्यासारखं वाटतं."

१६ डिसेंबर

रविवारी संध्याकाळी क्लबात गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते आणि वाद एकत्र चालतात, आणि वादाचा विषय एकच. दुपारचा माणूस कोण? प्रत्येकाची आपापली थिअरी आहे आणि प्रत्येक जण ती पोटच्या पोरासारखी जपतो.

रुफिनो, पोलीस ठाण्यातले जुने कारकून, म्हणतात की तो मालवाहू गलबतावरचा खलाशी होता. गलबत यायचं त्याच आठवड्यात खून व्हायचा. बेकरीवाला म्हणतो, पियानो जुळवायला येणारा तो जर्मन. क्लब चालवणारी तिता ग्लास पुसता पुसता म्हणाली, "गावात पियानो एक, तोही पाद्र्याकडे. मग त्यानं पाद्र्याला का नाही मारलं?" रुफिनो म्हणाले, "पाद्री दुपारी झोपत नाही, खातो." ओलेगारिओ मास्तर सगळ्यांचं शांतपणे ऐकतात आणि वर्गातल्यासारखे मुद्दे खोडत जातात.

मी पण हसत होते. आनिबाल आत आला आणि टेबल गप्प झालं. रुफिनोंनी घाईनं पत्ते पिसले.

२० डिसेंबर

तिताला सरळ विचारलं. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "तुझ्यापासून काय लपवायचं, बाई. निम्मं गाव म्हणतं, चौघींना त्या माणसानं मारलं आणि पाचवीला नवऱ्यानं. चार खून झालेच होते, पाचवा कोण मोजतोय?"

मी तिला वाटेल ते बोलले. घरी येऊन कांदा चिरत बसले म्हणजे रडायला कारण लागलं नाही. आनिबालला काही सांगितलं नाही. या माणसानं इतकी वर्षं त्यांच्याच बोटी दुरुस्त केल्या.

ठरवलं आहे. खरा माणूस मीच शोधणार. ते टेबलाशी बसून शोधतात, तर मी का नको?

२८ डिसेंबर

आठवडाभर विचारत हिंडले. खलाशी, जर्मन, शिवाय कुणी नाव घेतलं म्हणून गावचा एक मेलेला डॉक्टर. हाती काही नाही. शेवटी मास्तरांकडे गेले. त्यांनी येर्बाचा कडू चहा केला, आपल्या हातानं मला दिला.

म्हणाले, आनिबालविरुद्ध मी कधी बोललो नाही, बोलणारही नाही. माझ्या चहात पुन्हा गरम पाणी ओतलं. मग म्हणाले, "एकच गोष्ट मला खुपते. बाकीच्या चौघींच्या पायांत बूट नव्हते. देलियाच्या होते. नवे, पट्टा लावलेले. पोलिसांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. चार वेळा ज्यानं इतकं नीट केलं तो पाचव्या वेळी बूट काढायला विसरेल का, पोरी? मला आपलं वाटतं, तो हात दुसरा होता."

दुसऱ्या कुणाचा, ते बोलले नाहीत. मी रस्ता ओलांडून घरी आले. आनिबालनं टेबलावर अंजिरं धुऊन ठेवली होती. मी ती तशीच झाकून ठेवली.

३० डिसेंबर

विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

देलियाच्या पायात बूट होते का, इतकंच म्हणाले. त्याच्या हातातला कप खाली पडला. "तुला कुणी सांगितलं?" म्हणाला. मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे. तो मान हलवत राहिला. "नाही. कुणाला माहीत नाही. मी आईलाही सांगितलं नाही."

मग भिंतीकडे बघत बोलला. त्या दिवशी इंजिन बिघडलं म्हणून तो लवकर परतला. मागचं दार उघडं होतं. देलिया चादरीखाली. पायांत बूट. नवे होते, टाचेला लागायचे, चार दिवस तिची कुरकुर चालली होती. त्याच्या मनात आलं, निदान आता तरी हिचे पाय मोकळे असू देत. त्यानं ते काढले आणि ती ठेवायची तसे पलंगाखाली ठेवले. मग बाहेर येऊन ओरडला. तेव्हा माणसं धावत आली.

रडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी कपाचे तुकडे वेचत राहिले. त्यानं लपवलं होतं. इतकी वर्षं पोलिसांपासून लपवलं होतं. मग आणखी काय —

४ जानेवारी १९९१

आज दुपारी शिवता शिवता डोळा लागला. पलंगावर कधी पडले, आठवत नाही.

जाग आली तेव्हा झडपा लावलेल्या. अंगावर चादर. गळ्यापर्यंत. तो पलंगाशी उभा, हात अजून चादरीच्या काठावर.

मी किंचाळले. त्याला ढकलून अनवाणी रस्त्यावर आले. पाय भाजत होते. तो दारात येऊन उभा राहिला, पुढे आला नाही. "माश्या बसत होत्या गं," म्हणाला. "तुझ्या तोंडावर माश्या बसत होत्या."

मास्तरांनी दार उघडलं. मला क्लबापर्यंत पोचवलं. तितानं वरची खोली दिली आहे.

६ जानेवारी

आनिबाल खाली येऊन उभा होता. वर आला नाही. तिताच्या हाती माझ्या चपला दिल्या, एम्पानादांची, खिम्याच्या करंज्यांची, पुरचुंडी दिली. टेबलावरचे सगळे बघत होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. त्यानं मान वर करून विचारलं, "एर्मिनिया, तूही?"

एवढंच. आवाज चढवला नाही.

मी आत जाऊन कडी लावली.

कडी लागल्याचा आवाज त्यानं नक्की ऐकला.

९ जानेवारी

त्याची बोट सापडली. बेटाच्या वळणाला, वेलींत अडकलेली, रिकामी. इंजिन चालू स्थितीत होतं. ते कधी बिघडणारच नाही, त्यानंच दुरुस्त केलेलं.

सगळे म्हणतात, हाच कबुलीजबाब. टेबलावर आज वाद नव्हता. रुफिनोंनी सगळ्यांना वाइन पाजली.

१० जानेवारी

सापडला. मी ओळखला. शर्टाच्या काखेला मीच घातलेले टाके.

१२ जानेवारी

पुरला. देलियाच्या शेजारी जागा होती, पण तिच्या भावांनी नाही म्हटलं. दफनभूमीच्या कुंपणाकडेला पुरला. तिता आली, ट्रकवाला मित्र आला. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती, तेव्हा मास्तर पुढे झाले. मातीवर टोपी काढून उभे राहिले. सगळ्यात जास्त वेळ तेच उभे होते.

घरी परतले. भाडं भरलेलं आहे, जाणार कुठे? फसलेल्या रंगाची भिंत बघत बसते. मी का बोलले त्या रंगावरून?

१५ जानेवारी, सकाळ

बेकरीत रुफिनो भेटले. बहिणीकडे जायला निघाले होते, हातात पिशवी. माझा तोल गेला. म्हटलं, तुम्ही पोलीस, बुटांची गोष्ट दाबून का ठेवलीत? तेव्हाच बाहेर आली असती तर त्यानं तेव्हाच सांगितलं असतं, काय ते तेव्हाच झालं असतं, मी या गावात आलेच नसते.

रुफिनो म्हणाले, "कसले बूट, सेन्योरा? पंचनामा माझ्या हातचा आहे. पाचही वेळा बूट पलंगाखाली. देलियाचेही. मी स्वतः वाकून बघितले." बसचा भोंगा वाजला. ते गेले.

मी पाव घेऊन घरी आले. पाव कापला. सुरी हातात आणि तशीच उभी राहिले.

माणसं आली तेव्हा बूट पलंगाखाली होते. पोलिसांनी तेच बघितलं. गावानं तेच बघितलं. समोरच राहणारे मास्तर सगळ्यांबरोबर धावत आत आले असतील, तर त्यांनीही तेच बघितलं असणार. पायांतले बूट बघितले फक्त आनिबालनं.

आणि ज्यानं तिला तिथे निजवलं, त्यानं.

आनिबाल लवकर आला. त्या माणसाला घाई झाली. मागच्या दारानं निघून जावं लागलं. चार वेळा नीट झालेलं काम पाचव्या वेळी अर्धवट राहिलं, आणि ते त्याला इतकी वर्षं खुपत राहिलं.

खुपते. हाच शब्द वापरला होता त्यांनी.

त्यांनी दिलेला चहा मी प्यायले. त्यांचं बोट धरून क्लबापर्यंत गेले. खांदा द्यायला मी त्यांना —

दुपार

ठाण्यावर गेले होते. कुलूप. क्लब बंद, तिता भावाकडे. चार वाजल्याशिवाय कुणी यायचं नाही. दोन दारं वाजवली, कुणी उघडलं नाही. झोपलेत सगळे.

मास्तर त्यांच्या ओट्यावर बसले होते. मी ठाण्याच्या दाराशी उभी होते ते त्यांनी बघितलं. हात वर केला.

घरात आले. दोन्ही दारांना कड्या घातल्या. मशीन ढकलून पुढच्या दाराला लावलं. मागे भिंत आहे, माझ्याच्यानं चढवणार नाही.

झडपेच्या फटीतून दिसतंय. ओट्यावरची खुर्ची रिकामी.

रस्ता ओलांडतायत. सावकाश. अंगात धुतलेला शर्ट. रस्त्यावर दुसरं कुणी नाही, नुसतं ऊन.

दार वाजलं. "पोरी, मी आहे. विजार झाली का?"

मी श्वास रोखून आहे.

"ठाण्यावर काय काम होतं गं? मला सांगितलं असतंस." आवाज तसाच, हळू. "रुफिनो काही बोलला का? तो विसरभोळा आहे. उघड. ऊन फार आहे."

आता आवाज नाही. पावलं घराच्या कडेनं. मागच्या बाजूला.

मागच्या दाराची कडी जुनी आहे. आनिबाल बदलणार होता, बदलायची राह—

कडी हलते आहे.

हे कुणाला सापडलं तर ओलेगारिओचं नाव घ्या. नाही घेतलंत तरी माझी तक्रार नाही, माझं काय व्हायचं ते होवो. पण आनिबालचं सांगा. क्लबातल्या त्या टेबलाशी जाऊन मोठ्यानं सांगा. आनिबालनं काही केलं नव्हतं. तिचे पाय दुखत होते म्हणून त्यानं फक्त — माझ्या तोंडावर माश्या बसत होत्या म्हणून तो फक्त —

त्याला तिच्या शेजारी हलवा, आणि त्याला सांगा की मी