हात आवरायला लागणारा पाव सेकंद

ताई,
तुझ्या तोंडाळ धाकटीचा आधी वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे आणि भात करपणं बंद झालंय, असं आईला सांग.

सुरू केलेली कृती माणूस मधेच कशी थांबवतो, हे आम्ही इथे मोजतो. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण लगेच शिट्टी वाजली तर हात आवरायचा. मेंदूला आवरायला साधारण पाव सेकंद लागतो. शिट्टीला उशीर झाला, की बोट आपलं काम करून मोकळं! याचं गणित मी संगणकावर बसवलं आणि ते चोख जुळलं. सर खूश आहेत. फक्त स्वतःवर प्रयोग केला, तेव्हा सगळ्यांत वाईट आकडे माझेच आले. हसू नकोस.

निघताना दारात मी म्हणाले, "तुला काय कळतंय माझ्या कामातलं?" माझी बॅग तेव्हा तुझ्याच हातात होती. शिट्टी वाजली गं, पण शब्द निघून गेला होता.

आईचा गुडघा कसा आहे? मी फोन केला की तू लगेच तिच्याकडे देतेस.

ताई, माझं चुकलं. एवढं लिहून पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं. रोज वाचलं. खोडायला हात एकदाही पुढे झाला नाही.

तुझीच,
धाकटी