ग्लायडरचा संकल्प

श्रूजबरी,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. नकुलभावजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. पन्नाशीतल्या, टक्कल पडलेल्या दिराला 'चिरंजीव' लिहिताना एरवी मला हसू येतं. आज आलं नाही.

इकडे सर्व ठीक. झाडं लाल झाली आहेत आणि पानं गोळा करायची पाळी नेहमीप्रमाणे माझी आहे. तुमची लेक इला परवा वूस्टरहून आली. कॉलेजच्या जेवणाला नावं ठेवत थालीपिठांवर तुटून पडली. मराठी सुधारतंय, काल मला म्हणाली, "काकू, तू खूप टोमणी मारतेस." लिंग चुकलं, निदान बरोबर.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही सगळं थट्टेवारी नेता. शिवाय प्रसन्न शेजारच्या खोलीत असतो.

तर तुम्ही प्रसन्नदादाच्या वाढदिवसाला पाठवलेलं ते मॉड्यूल. काडेपेटीएवढी वस्तू, पण शुक्रवारी रात्रीचं जेवण तिच्यापायी निवलं. पाव किलोहून जड काहीही उडवायचं तर त्याने आपली ओळख आकाशातून सांगत राहिलं पाहिजे, असा इथला नियम. खेळण्यातली विमानं उडवणाऱ्या क्लबच्या मैदानाला सूट आहे, पण तुमच्या भावाला टेकडीचा वारा हवा. त्याच्या त्या रिमोटवरच्या ग्लायडरला इंजिन नाही. टेकडीवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ते तरंगतं. म्हणून बॅटरीशेजारी मॉड्यूल चिकटवलं, नंबर नोंदवला. ते काय सांगतं, हे इलाने मला समजावलं: मी कोण, आत्ता कुठे आहे, कुठून उडालो. मी म्हटलं, "अगं, हा तर संकल्प! पूजेआधी भटजी नाव, गोत्र, स्थळ, काळ सांगायला लावतात, तसा. फक्त हे दर सेकंदाला सोडतंय."

काल दुपारी टेकडीवर गेलो. तिथले नियम पाटीवर लिहिले आहेत: शेजारी एक सोबती उभा हवा, रस्त्यापलीकडे न्यायचं नाही, नजरेआड जाऊ द्यायचं नाही. सोबती मी. इलाच्या फोनवर संकल्प ऐकू येत होता, म्हणजे नकाशावर ठिपका दिसत होता.

प्रसन्न खुशीत होता. एकदा हातातल्या रिमोटकडे बघून त्याने मान वर केली आणि म्हणाला, "बघ, काय उंची गाठलीय!" मी पाहिलं. वर संथ गिरक्या चालल्या होत्या. सुंदर.

इला म्हणाली, "काकू, इट्स ओव्हर द रोड."

"नवीन आहे, चुकत असेल," मी म्हटलं. यंत्रावर अविश्वास आणि नवऱ्यावर विश्वास, अशी माझी वाटणी होती.

"आता डावीकडे घेतो," प्रसन्न म्हणाला. ते उजवीकडे वळलं. "वारा आहे," तो म्हणाला.

आणि मग, भावजी, त्या ग्लायडरने पंख हलवले.

दोनदा. सावकाश. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. इला पुटपुटली, "काका, दॅट्स अ हॉक." प्रसन्न मात्र ससाण्याकडे बघत रिमोटच्या दांड्या हलवतच होता. संस्कृतात 'पतङ्ग' म्हणजे पक्षीही आणि जे जे उडत जातं तेही. तेव्हा कोश त्याच्या बाजूने आहे. दुसरं कोणी नव्हतं.

ठिपका थांबला होता तिथे आम्ही धावलो. रस्त्यापलीकडच्या एका घरासमोर, हिरवळीवर ग्लायडर नाक खुपसून पडलं होतं. शेजारी हातभर अंतरावर एक छोटी तिचाकी सायकल. रिकामी. तिची घंटी वाऱ्याने किणकिणत नव्हती की काही नव्हतं, नुसती उभी होती, तरी मी आधी आजूबाजूला कोणी मूल आहे का ते पाहिलं.

गाडीपाशी आल्यावर प्रसन्न सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. इला आडवी आली. "काका, मी चालवते."

"अगं, गाडीला पंख नाहीत, ती कुठे उडून जाते?"

ती हसली नाही. तळहात पुढे करून उभी राहिली. शेवटी त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. दर शुक्रवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, हायवेवरून तिला आणणारा तोच, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

घरी आल्यावर त्याने सांगितलं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं पुसत चाललंय. नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यातच निदान केलं होतं. डोळ्यांत थेंब टाकायचा ते परागकणांच्या ॲलर्जीचे, असं मला सांगितलं होतं. जानेवारीत. दारात गुडघाभर बर्फ असताना. संस्कृतच्या विद्यार्थ्यांचा एक विसर्ग चुकला तरी पकडणारी मी. पण हे मी पकडलं नाही.

"नकुलला कळवू नकोस," तो म्हणाला. "बाबांचं आठवून घाबरेल." मी हो म्हटलं. तुमचे बाबा शेवटी शेवटी दाराच्या चौकटींना धडकायचे, आणि आपण सगळे म्हातारपण, म्हातारपण म्हणत होतो. डॉक्टर म्हणतात, हा आजार घराण्यातून येतो. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं.

आता लिहायचं ते लिहिते. गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर सांगितलंत की गाडीचा उजवा आरसा पुन्हा गॅरेजच्या चौकटीला लागून तुटला. मी म्हटलं होतं, "चौकट जरा बाजूला सरकवून घ्या." तुम्ही खूप हसलात. मीही.

तुमच्या शॉमबर्गला डोळ्यांचे डॉक्टर पुष्कळ असतील. हे पत्र मिळेल त्याच दिवशी वेळ घ्या, आणि तिथे जाताना गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या. घाबरू नका म्हणत नाही. मी घाबरले आहे.

दिलेला शब्द मोडणारी,
तुमच्या दादाची आजपासूनची ड्रायव्हर,
सुलेखावहिनी